सुवर्णरेखेच्या सोन्याचे ‘गूढ’ गूढ नाहीच

झारखंडमधल्या सुवर्णरेखा नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात आणि ते येतात कुठून, हे शास्त्रज्ञांनाही उमगलेले नाही, अशी बातमी अधूनमधून कुठल्या तरी वाहिनीवर झळकते. बातमीचा पहिला भाग खरा आहे. पावसाळा सरला की काठच्या गावांतली माणसे आजही वाळू धुतात आणि दिवसभराच्या मेहनतीनंतर तांदळाच्या दाण्याहून लहान कण हाती घेऊन उठतात. दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या व्हॅलेंटाइन बॉल यांनी याच भागातल्या सिंहभूमच्या सोन्यावर १८६९ मध्येच लिहून ठेवले होते. दीडशे वर्षे ज्याची नोंद होत आली आहे, त्याला ‘न उलगडलेले रहस्य’ म्हणणे हा त्या कामाचा अपमान आहे.

या गैरसमजाच्या मुळाशी एक साधी गल्लत आहे. नदीचा उगम आणि तिच्यातल्या सोन्याचा उगम एकच असणार, असे लोक धरून चालतात. सुवर्णरेखा रांचीजवळ नगडीच्या परिसरात उगम पावते. तिथल्या पिस्का गावाजवळ पूर्वी सोन्याची खाण होती, अशी आख्यायिका सांगितली जाते. म्हणून सगळ्यांचे डोळे उगमाकडे. पण नदी सुमारे चारशे किलोमीटर वाहते आणि वाटेत मिळेल तो खडक खात जाते. चांडिल, जमशेदपूर, घाटशिला या टप्प्यात ती दलमाचे ज्वालामुखीय खडक आणि सिंहभूमचा जुना, भेगाळलेला पट्टा ओलांडते. याच पट्ट्यात तांबे आहे, जादुगुड्याचे युरेनियम आहे आणि सोने असलेल्या गारगोटीच्या शिराही आहेत. कुंदरकोचा आणि लावा इथे सोन्याच्या खाणी खणल्या गेल्या आहेत.

यावर हमखास उत्तर येते की सोने खरे तर करकरी या उपनदीतून येते, आणि करकरीत ते कुठून येते हे कोणालाच माहीत नाही. करकरी तमाड भागातून येते. त्याच तमाड भागातल्या परासी इथे भूवैज्ञानिकांनी सोन्याचा साठा शोधला आणि सरकारने तो लिलावात काढला. ज्याचा लिलाव झाला, त्याचा पत्ता लागलेला नाही, असे कसे म्हणता येईल?

खरा विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे. ज्ञात खाणी एवढ्या लहान, मग पिढ्यान्‌पिढ्या पुरणारे सोने नदीत आले कसे? कुठे तरी लपलेली मोठी खाण असलीच पाहिजे, असा हा तर्क. वरवर तो पटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच आशेवर छोटा नागपुरात सोन्याच्या कंपन्यांची लाट उसळली आणि भागधारकांचे पैसे घेऊन विरली. नदीत सोने आहे म्हणजे डोंगरात घबाड आहे, हा हिशेब तेव्हाही चुकला होता.

चूक कुठे होते, ते आकड्यांनी पाहावे. समजा, एका चौरस किलोमीटर खडकात टनामागे फक्त १० मिलिग्रॅम सोने आहे. इतक्या दरिद्री खडकाकडे कोणी खाणवाला ढुंकूनही पाहणार नाही. पण झिजेने त्यावरून शंभर मीटरचा थर गेला, तर सुमारे २७ कोटी टन खडक वाहून गेला आणि त्यातून २,७०० किलो सोने मोकळे झाले. सिंहभूमचे काही खडक तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. शंभर मीटर झीज त्यांच्या आयुष्यात क्षुल्लक आहे. यातले बरेचसे सोने पिठासारखे बारीक होऊन समुद्राला मिळते. उरलेले नदी सुपात धान्य पाखडावे तसे निवडते: सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. हलकी वाळू पुढे जाते. सोने मात्र वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या आडोशाला, काळ्या जड वाळूसोबत बसते. वाळू धुणारा नेमका तिथेच पाटी लावतो, कारण ही निवड कुठे होते ते त्याला पिढीजात ठाऊक आहे.

मोठ्या खाणीवाचून मोठे सोने मिळते, याचा जगातला सर्वांत ठसठशीत पुरावा कॅनडातला क्लोन्डाइक आहे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये बोनान्झा ओढ्यात सोने सापडले आणि पुढे त्या टापूतल्या गाळातून शेकडो टन सोने निघाले. भोवतालच्या डोंगरांत मात्र त्या तोडीची खाण आजवर सापडलेली नाही. विखुरलेल्या गारगोटीच्या शिरा झिजल्या, त्यांचे सोने आधी जुन्या नद्यांच्या पांढऱ्या गोट्यांच्या थरांत साठले, नंतरच्या ओढ्यांनी ते थर कापून पुन्हा वेचले. हा प्रदेश मोठ्या हिमनद्यांखाली गेला नाही, म्हणून गाळ जागेवर राहिला. कॅलिफोर्नियातही जुन्या, गाडल्या गेलेल्या नदीपात्रांचे सोने नव्या नद्यांत उतरले आहे. तेव्हा ‘खाण सापडत नाही’ हा रहस्याचा पुरावा ठरत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की सोने गाळातच वाढते. याला थोडा आधार आहे. ऑस्ट्रेलियात फ्रँक रीथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोन्याच्या कणांवर राहणारे जिवाणू दाखवले. त्यांतला क्युप्रिअविडस मेटॅलिड्युरन्स विरघळलेले सोने पुन्हा घनरूपात आणतो. मात्र रॉबर्ट हफ यांच्या गटाने २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातले सोन्याचे गोळे आतून तपासले, तेव्हा खोल जमिनीत, उष्णतेत घडलेली स्फटिकरचना आणि भरपूर चांदी आढळली. पाण्यातून पुन्हा साचलेल्या सोन्यात चांदी जवळजवळ नसते. म्हणजे जिवाणू कणाच्या पृष्ठभागावर पातळ थर चढवू शकतात. मोठा कण मात्र खडकातूनच येतो. आकाशातून पडलेल्या सोन्याच्या गोष्टीही ऐकू येतात. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत सोन्याचे अणू घडतात, हे २०१७ च्या निरीक्षणांनी बळकट केले. पण ते पृथ्वी घडण्याआधीचे प्रकरण झाले. करकरीच्या वाळूचा प्रश्न त्याने सुटत नाही.

महाराष्ट्रालाही हे प्रकरण परके नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट-लांजीकडे सोनझरी लोकांनी नदीची वाळू धुऊन पोट भरले, आणि नागपूर जिल्ह्यातल्या कोलारी-भावरी परिसरात, साकोली गटाच्या जुन्या खडकांत, भूवैज्ञानिकांना सोने आढळले आहे. नदीत सोने आणि खोऱ्यात त्याला साजेसा खडक, ही जोडी इथेही जुळते. सह्याद्रीतून निघणाऱ्या भीमा-नीरेच्या काठी असा धंदा उभा राहिला नाही, कारण त्यांच्या वाटेवरच्या बेसाल्टमध्ये तशा शिरा नाहीत.

कण स्वतःही साक्ष देतो. टोकदार, गारगोटी चिकटलेला कण जवळून आलेला असतो. चपटा आणि गोलसर कण दूरचा प्रवासी. त्यातली चांदी, तांबे, पारा आणि आत अडकलेली सूक्ष्म खनिजे मोजली की तो कोणत्या प्रकारच्या शिरेतून सुटला, हे ताडता येते. ब्रिटन आणि कॅनडातल्या नद्यांवर या पद्धतीने भरपूर काम झाले आहे. सुवर्णरेखा, करकरी आणि वैनगंगा या नद्यांच्या कणांचीही अशीच सविस्तर, सर्वांना पाहता येईल अशी नोंद रांची आणि नागपूरच्या विद्यापीठांनी करावी, आणि वाळू धुणाऱ्यांना त्या कामात मजुरी देऊन जाणकार म्हणून सामील करून घ्यावे.