24 तासांची सुई आणि एक हेक्टर जमीन



कावीळ झाली की आपल्याकडे झाडपाला होतो, नाहीतर दंडावर डाग देतात. पावसाळ्यातली पाण्याची कावीळ बहुतेकांची आपसूक उतरते, आणि नाव होतं औषधाचं. पण ‘ब’ कावीळ वेगळी. ती रक्तातून, शरीरसंबंधातून लागते. बाळंतपणात आईकडून बाळाला, दुसऱ्याला टोचलेल्या इंजेक्शनच्या सुईतून, जत्रेतल्या गोंदणातून. डोळे पिवळे होतीलच असं नाही. जन्मताना लागण झाली तर 10 पैकी 9 बाळांच्या अंगात ती कायमची राहते. पुढं ऐन कर्त्या वयात काहींचं लिव्हर जातं, पोटात पाणी भरतं. गावात बोलतात, करणी झाली.

हा विषाणू सापडला तोच ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात. शोध लावणाऱ्या ब्लूमबर्ग साहेबांना 1976 साली नोबेल मिळालं. आपल्या देशात सगळीकडे सरकारी लस यायला मात्र 2011 उजाडलं.

लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून 24 तासांत हवा. पुढचे 6, 10 आणि 14 आठवड्यांना. पुढचे अंगणवाडीत मिळतात, पहिलाच हुकतो, कारण बाळ पाड्यावर आणि लस आरोग्य केंद्रात. ‘तुमच्या बाया दवाखान्यात येत नाहीत,’ साहेब म्हणतात. नाल्याला पूर असताना झोळीतून कळा देणारी बाई न्यायची कशी, ते साहेबांनी दाखवावं! एका बाळासाठी कुपी फोडता येत नाही, असंही ऐकवतात. ते खरं नाही. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते, हा सरकारचाच नियम आहे.

उपकेंद्र नि रस्ता मागितला की जंगल खातं आडवं येतं. वनहक्क कायद्याचं कलम 3(2) त्यांच्यापुढं ठेवा. दवाखाना, रस्ता यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. म्हणजे आपलीच.

काही साथी म्हणतात, आधी पट्टे, दवाखान्याचं मागाहून बघू. आम्हाला हे पटत नाही. पट्ट्यावर ज्याचं नाव चढायचं, तोच पस्तिशीत जातोय.

येत्या ग्रामसभेत 3(2) चा ठराव घ्या, नक्कल संघटनेकडं द्या. सुईणबाईंना सभेला जरूर बोलवा. बाळ झाल्याचा निरोप त्याच दिवशी आशाताईकडं कोण नेणार, ते तिथंच ठरवा.