विनोबांचे पाकिस्तानातले सोळा दिवस

१५ नोव्हेंबर १९८२ला दिवाळी होती आणि त्याच दिवशी वर्ध्याजवळ पवनारला विनोबांचे निधन झाले. वर्ध्याच्या दिवाळी अंकाला त्यामुळे विनोबांना वगळून पुढे सरकता येत नाही. बहुधा ‘गीताई’ आणि भूदान एवढ्यावर भागते. यंदा आम्ही त्यांच्या एका अडचणीच्या यात्रेकडे वळतो आहोत, कारण हल्ली एखादे महाराज किंवा धर्मगुरू परदेशी निघाले की त्यांचे विमान उतरायच्या आत इकडे दोन तट पडलेले असतात.

५ सप्टेंबर १९६२ रोजी विनोबा आसामातून पायी पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, शिरले. पश्चिम बंगालात पोचायला आपल्या हद्दीतूनही वाट होती. त्यांनी ती घेतली नाही. अयूब खान यांच्या सरकारने परवानगी दिली. काळ कसा होता? त्याच वर्षी इकडे माल्द्यात आणि तिकडे राजशाहीत दंगली झाल्या होत्या. सीमेपलीकडून येणाऱ्या लोकांवरून आसाम धुमसत होता. अशा वेळी हा पंचा नेसलेला माणूस रंगपूर, दिनाजपूरच्या गावांतून सोळा दिवस चालला. ११ सप्टेंबरला त्याला ६७ वर्षे पूर्ण झाली, तीही तिथेच.

पाकिस्तानी वृत्तपत्रांतून नाके मुरडली गेली. त्यांच्या ‘कुराण-सार’वरून टीका आधीच सुरू झाली होती: एका हिंदूने कुराणातले वेचे काढायचे म्हणजे काय! (या हिंदूने वर्ध्यात राहून अरबी शिकून वर्षानुवर्षे कुराण वाचले होते, हे टीकाकारांना ठाऊक असते तरी फरक पडला असता असे नाही.) आपल्याकडेही हे जाणे सगळ्यांना रुचले असेल, असे मानायचे कारण नाही. ज्यांची घरेदारे त्या मातीत राहिली, त्यांच्याकडून टाळ्यांची अपेक्षा कोणी करावी?

गावोगावी मात्र माणसे जमत होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. विनोबांनी त्यांच्याकडे तेच मागितले जे तेलंगणात आणि बिहारात मागितले होते: तुमच्या गावच्या भूमिहीनासाठी जमीन. आणि ती मिळाली. देणाऱ्यांत मुसलमान शेतकरीही होते. या यात्रेतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. जयजयकाराला काही खर्च पडत नाही, शिवीलाही नाही. पाकिस्तानातल्या शेतकऱ्याने भारतातून आलेल्या पाहुण्याच्या शब्दावर आपल्या वावरातला तुकडा तोडून द्यायचा, तर त्याला घरी बायकोला आणि भावाला उत्तर द्यावे लागते. या पाहुण्याबद्दल काय वाटते, ते तिथे बिघ्यांत मोजून सांगावे लागले.

म्हणून यात्रा सफळ झाली, असे लिहून मोकळे होता येत नाही. सव्वा वर्षात, जानेवारी १९६४मध्ये, पूर्व पाकिस्तानात मोठ्या दंगली उसळल्या आणि हिंदूंचे लोंढे पुन्हा इकडे निघाले. भूमिहीनाला जमीन दानातून मिळू शकते; अल्पसंख्याकाला जिवाची हमी दानातून मिळत नाही, ती राज्यानेच द्यावी लागते. माणसाच्या मनावर भिस्त ठेवून राज्याला बाजूला ठेवणारी विनोबांची पद्धत इथे तोकडी पडली, असे आम्हाला वाटते. पुढे आणीबाणीत त्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशीही राज्यसत्तेकडे पाहण्याची त्यांची हीच तऱ्हा असावी.

अशा अडचणीच्या वाटेने जाणारे विनोबा एकटे नव्हते. त्यांच्याच सर्वोदय परिवारातल्या शंकरराव देवांनी १ मार्च १९६३ला, चीनशी युद्ध होऊन चार-सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा काढली. वाटेत जागोजागी लोकांचा रोष पत्करला. चीनने तर त्यांना आत पाऊलही टाकू दिले नाही.

आता पुन्हा पूर्व पाकिस्तानाकडे. तिथून आलेल्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. आज तो भाग गडचिरोलीत येतो. मुलचेरा, चामोर्शीकडे अजूनही बंगाली कानावर पडते. विनोबांच्या त्या सोळा दिवसांवर मत देण्याचा पहिला हक्क या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे, आणि वर्ध्याहून कोणी त्यांना विचारायला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुढच्या अंकासाठी आमचा लेखक तिकडे जाणार आहे. तिथे जे ऐकायला मिळेल ते पवनारला गोड वाटले नाही, तरी आम्ही छापू.