मुका आस

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. या बंडीखाली पूर्वी बांबूचं एक नळकांडं लटकत असे. त्यात वंगण. एरंडीच्या तेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवलेलं, काळंकुट्ट, धोतराला लागलं की जन्मात न निघणारं. लांबच्या गावी जायचं तर चाक जरा बाहेर ओढून आसाला ते फासायचं आणि मगच बैल जुंपायचे. (इंग्लंडातल्या एका कंपनीनं 1909 साली आपल्या तेलाचं नाव ‘कॅस्ट्रॉल’ ठेवलं, ते याच एरंडीच्या इंग्रजी नावावरून. आपल्या गाडीवानांना हे कळतं तर ते गालातल्या गालात हसले असते!)

बँकेत असताना मी मूर्तिजापूरकडच्या खेड्यांतून कर्जावरच्या बंड्या नि बैलजोड्या तपासत राजदूतवरून हिंडत असे. तिथले एक म्हातारबुवा माझ्या गाडीकडे पाहून म्हणाले होते, “साहेब, बंडीले वंगण नसलं त थे कुरकुरते. तुमची फटफटी मुकी हाय. थे काई सांगत नाई.”

निदान अगदी नेमकं होतं. बंडीचं चाक आसावर घासत फिरतं, म्हणून कोरडं पडलं की ओरडतं. मोटारसायकलचा आस, म्हणजे मेकॅनिकचा एक्सल, फिरतच नाही. तो गच्च आवळलेला असतो. फिरतं ते चाक, बेअरिंगवर. मग न फिरणाऱ्याला ग्रीस कशाला, असं सुशिक्षित माणसंही विचारतात. गंजू नये म्हणून! एक्सल बेअरिंगच्या आतल्या कड्यात लोखंडाला लोखंड भिडून बसलेला असतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल, वर वॉशिंग सेंटरवाल्याचा चाकाच्या मध्यावरच रोखलेला जोरदार फवारा. पाणी आत झिरपतं आणि दोघं एकजीव होतात. गाडी मात्र छान पळत राहते.

कळतं पंक्चर झाल्यावर. अमरावती-अकोला रस्त्याची रड आपण वर्षानुवर्षं ऐकली. जून 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनेसमध्ये नोंद झाली. वेग वाढला, त्याचा आनंदच आहे. पण गेल्या पावसाळ्यात याच मार्गावर, बोरगाव मंजूच्या अलीकडे, एक तरुण जोडपं अंधारात उभं असलेलं मी पाहिलं. बाईच्या खांद्यावर झोपलेलं पोर. पंक्चरवाला एक्सलवर हातोडा घालत होता आणि तो तसूभर हलत नव्हता. पंक्चरचं काम अर्ध्या तासाचं. इथं दीड तास गेला आणि एक्सलचं टोक ठेचलं गेलं ते वेगळंच. ट्यूबलेस टायरवाल्यांची यातून बरीच सुटका झाली आहे, पण तारांच्या चाकांच्या गाड्या आपल्याकडे अजून भरपूर आहेत.

पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं एका मोटारसायकलच्या जाहिरातीनं आपल्याला शिकवलं. पेट्रोलपुरतं ते ठीक होतं. आपण सगळी गाडीच विसरलो! घरात चार-चार दुचाक्या असतात आणि पाना एक नसतो. माझं म्हणणं असं, की मृगाच्या आधी एका रविवारी हे काम अंगणात व्हावं, आणि मुलाइतकंच मुलीच्या हातूनही. गाडी मेन स्टँडवर घट्ट उभी करावी. एक्सल काढून रॉकेल-डिझेलच्या फडक्यानं पुसावा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर मारावा. सपाट फरशीवर लोळवून पाहावा; लंगडत लोळला तर वाकलेला आहे, बदलावा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावं. खरखर लागली तर तिथं ग्रीसचा उपयोग नाही, बेअरिंगच नवं हवं. मग एक्सलला ग्रीस. पापडाच्या लाटीला तेलाचा हात लावतो तेवढंच, थापायचं नाही. ब्रेकच्या शूला किंवा डिस्कला त्याचा थेंबही लागता कामा नये. आट्यांना लावायचं की नाही ते कंपनीच्या पुस्तकात पाहावं, कारण ग्रीस लागलेला नट त्याच जोरात जास्त आवळला जातो. मागचं चाक बसवताना चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, ते पाहावं. कॉटर पिन असेल तर नवी घालावी, दोन-पाच रुपयांसाठी जुनीच वाकवू नये. ब्रेक दाबून, चाक हातानं फिरवून पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

आणि नट नेमका किती आवळायचा याची खात्री नसेल तर तेवढ्यासाठी गल्लीतल्या मेकॅनिकला घरी बोलवावं. चहाही पाजावा.