डोहाळजेवणाला उशीर झालाय

बाळ दोन किलोचं निपजलं की सगळं घर सुनेवर घसरतं. ‘हिनं खाल्लंच नाही!’ मला या घरांना विचारायचंय, तिला वाढलं कोणी? सगळ्यांची पानं उठल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरलेलं वरण आणि अर्धी भाकरी, हे तिचं जेवण. वर सल्ला तयार: फार खाऊ नकोस, बाळ मोठं होईल, सिझर करावं लागेल. हा सल्ला नाही, पोटातल्या जिवाची उपासमार आहे.

डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या चमूने १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांची वजनं गर्भ राहण्याआधीपासून घेतली. सरासरी भरली जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळं २.७ किलोच्या आसपास, तर ब्रिटनमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी रोड, पण चरबी मात्र राखून असलेली; पुढच्या मधुमेहाची पायाभरणी तिथेच होते. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं थोराड होती.

मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याच पदार्थांचा खाऊ बायकांना रोज दिला गेला. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन वाढलं. त्यातही सर्वांत किडकिडीत बायकांच्या बाळांना फायदा झालाच नाही. इतकी रिकामी झालेली बाई काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. आणि आपण सातव्या महिन्यात ओटी भरून, पंचपक्वान्नांच्या ताटासोबत तिचे फोटो काढतो! सरकारही तसंच. मातृवंदना योजनेचे पैसे येतात ते दिवस गेल्यावर.

एका गरोदर मुलीच्या कार्डावर मी वजनाच्या नोंदी पाहिल्या: ३८, ३९, ३९, ४१. प्रत्येकीपुढे सही. नऊ महिन्यांत बारा किलो वाढायला हवं होतं तिचं, पण सही करणाऱ्या एकाही हाताला थांबावंसं वाटलं नाही.

दुसरं टोकही आहेच. राज्यात दर चौथी-पाचवी बाई जाड आहे. तिला ‘दोन जिवांचं खा’ म्हणत तुपाचे लाडू भरवणं म्हणजे रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह ओढवून घेणं.

लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलावा ही घाई आधी सोडा. सून घरात आली की तिला काट्यावर उभी करा. पाच फुटी मुलगी ४३ किलोच्या आत असेल, तर तिला सगळ्यांबरोबर पाटावर बसवून दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी खाऊ घाला आणि वजन भरेपर्यंत पाळणा लांबवा. त्याची साधनं आशाताईकडे मिळतात.