पानिपतचे पोते आणि आपली वाघीण



पानिपत म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ आठवते. पण लढाईआधीच आपले सैन्य उपासमारीने खचले होते, हे आपण विसरतो. रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि छावणीची अन्नान्नदशा झाली.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले. त्याच दिवशी ‘हॅफेड’ ही तेथील सहकारी संघांची शिखर संस्था उभी राहिली. आपल्याकडे तालुका खरेदी-विक्री संघ असतात, तसेच तिकडचे संघ तिचे सभासद. अन्न महामंडळ १९६५ मध्ये, योगायोगाने १४ जानेवारीलाच सुरू झाले होते. हॅफेडने मंडीत हमी भावाने गहू घ्यायचा, केंद्रीय साठ्यात द्यायचा आणि रेल्वेने तो टंचाईच्या राज्यांत न्यायचा, अशी ही साखळी. पानिपतवरून जाणारा दिल्ली-अंबाला-कालका मार्ग तर १८९१ पासूनचा.

बेचाळीस वाघिणींची एक गाडी सुमारे २,६०० टन धान्य नेते. म्हणजे पन्नास किलोची ५२,००० पोती! त्यातले बहुतेक पोते माणसाच्या पाठीवरून चढते व उतरते. त्या हमालाचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या वहीतच राहते. गाडीला उशीर झाला तर दंडाचा हिशेब होतो; त्याच्या पाठीचा हिशेब कोण ठेवतो?

२०२० च्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबल्या, धान्याच्या गाड्या थांबल्या नाहीत. टपाल बांधवांनी दारोदार पैसे पोहोचविले. आपले कौतुक झाले, हमालाला कोणी विचारले नाही. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला कामगारांचा देशव्यापी संप होता आणि दिल्लीकडे निघालेले शेतकरी पानिपतपर्यंत आले होते. २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घ्यावे लागले. शेतकरी टिकला म्हणून हे घडले.

आता आपली पाळी. चूक आमचीही आहे. मालधक्क्यावरचा हमाल आपल्या सभासद यादीत नाही, म्हणून आम्ही त्याला परका मानला. प्रत्येक शाखेने आपल्या मालधक्क्यावर जावे. सावली, पिण्याचे पाणी, शौचालय, विमा आणि भविष्य निर्वाह निधी आहे की नाही, ते पाहून लेखी अहवाल द्यावा आणि नाही तेथे मागणी लावून धरावी.

रसद वाहणाराच उपाशी राहिला, तर पानिपत पुन्हा होईल.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!