हे पाणी रिकामं नाही

गेल्या हिवाळ्यात हवा भरायची कयाक आणि फ्लाय फिशिंगचा रॉड घेऊन मी पुण्याहून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी टाकायची, कार्प खेळवायचा, फोटो काढायचा आणि मासा सोडून द्यायचा, एवढाच बेत होता. तलावावर चिटपाखरू नव्हतं. मी कयाकमध्ये हवा भरत असताना बांधावर बसलेले एक वयस्कर ढिवर काका म्हणाले, "बापू, यात बियानं कोनं टाकलं, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. सध्या कयाक घेऊन 'अनटच्ड' तलाव शोधत फिरणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळांना ते माहीत नसतं, आणि माझं भांडण याच अज्ञानाशी आहे.

रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधुरींनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्पचं प्रजनन घडवलं, आणि त्यानंतर मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणजे तलावातला रोहू आपोआप आलेला नसतो. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीने तलावाचा ठेका भरलेला असतो, जिरे किंवा बोटुकली विकत आणून सोडलेली असते आणि पुढचे कित्येक महिने राखण केलेली असते. ते उभं पीक आहे. धानाच्या बांधीत शिरून लोंब्या तोडणाऱ्याला आपण निसर्गप्रेमी म्हणत नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही मासा सोडून देतो." पण गळाने तोंड फाटतं, हाताळताना अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू घटलेला असताना दमवून सोडलेला मासा नंतर मरूही शकतो. ते नुकसान फोटोत दिसत नाही.

दुसरं उत्तर जरा हुशारीचं असतं. रोहू शेवाळावर जगतो, कतला पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर, त्यामुळे माशीला फसतो तो मुख्यतः कॉमन कार्प, आपल्याकडचा सायप्रिनस. तो चिखलातल्या अळ्या हुडकतो. तो परदेशी आहे, साठलेल्या पाण्यातही वाढतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो. मग तो पकडणं म्हणजे उपकारच, असं माझे मित्र म्हणतात. उपकारच करायचा असेल, तर पकडलेला सायप्रिनस परत पाण्यात का सोडता? तो सोसायटीच्या टोपलीत का टाकत नाही?

हे तलाव कधीच रिकामे नव्हते. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी ते बांधले ते धानाच्या पाण्यासाठी. मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 मध्ये आला, तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. मालक बदलले, पण जाळं टाकणारे हात बहुतांशी ढिवरांचेच राहिले. गाळ साचला, बेशरम माजली, तेव्हा त्याचा फटकाही आधी त्यांनाच बसला.

मी खेळाच्या विरोधात नाही. कयाक उथळ पाण्यात आवाज न करता सरकते आणि चाहूल लागताच पळणाऱ्या कार्पपर्यंत पोचवते, त्यातला आनंद मला कळतो. पण हा छंद ज्या इंग्लंडकडून आपण शिकतो, तिथे कार्पच्या तळ्यावर बसायचं तर दिवसाचं तिकीट काढावं लागतं किंवा क्लबची वर्गणी भरावी लागते. रॉड आणला तशी ही रीतही आणा. आधी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटा. दिवसाचे किती, हे त्यांनी ठरवावं. बीज सोडल्यावर काही महिने ते नाही म्हणाले, तर परत फिरा. 'पर्यटनातून रोजगार' म्हणणाऱ्यांनीही तिकिटाचा पैसा आधी सोसायटीच्या खात्यात जाईल अशी सोय करावी, मग धक्क्यावर फलक लावावेत.

त्या दिवशी मी कयाकची हवा सोडली. काकांनी डोंग्यात बसवून मला तलाव दाखवला. बोटुकली कुठे सोडली, ते बोट दाखवून सांगितलं. मी कयाकमधून उतरलो असतो ती नेमकी तीच जागा होती.