माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत

चौकाचौकांत फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले समस्त भावी नगरसेवक, भावी झेडपी सदस्य, भावी आमदार, त्यांचे पक्ष आणि पक्ष फोडून त्याच नावाचा पक्ष मिळवलेले, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. तो कोणा एका पक्षाला नाही. ज्याला स्वतःचा पक्ष स्वच्छ वाटत असेल, त्याने आधी शेजारून आलेले किती जण आपल्या पंगतीत बसलेत ते मोजावं.

‘मत देऊन काय फरक पडतो?’ हे वाक्य आता पारावर, लोकलमध्ये, सलूनमध्ये, सगळीकडे ऐकू येतं. ते आळशी माणसाचं नाही. 2019 ला रांगेत उभं राहून मत दिलेल्या माणसाचं आहे. त्याने युतीला दिलेलं मत दीड महिन्याच्या आत आघाडीच्या सरकारात जाऊन बसलं, मधल्या एका सकाळी तिसराच शपथविधी उरकला गेला. 2022 च्या जूनमध्ये एक पक्ष सुरत-गुवाहाटीमार्गे फुटला, 2023 च्या जुलैत दुसरा. पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे. एक तृतीयांश आमदार घेऊन बाहेर पडायची पळवाट 2003 च्या घटनादुरुस्तीने बुजवलेली होती. तरी झालं काय? 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचं चुकल्याचं सांगितलं, सरकार होतं तिथेच राहिलं. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला: शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. पक्ष फुटला, पण चुकलं कोणाचंच नाही. मग मतदाराचंच चुकलं असणार!

त्यात महापालिकांची कथा निराळीच. राज्यघटना सांगते, मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या सहीवर चालली. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद खरा होता, नाही कोण म्हणतं? पण या काळात दोन्ही बाजूंची सरकारं बघून झाली, आणि निवडणुकीची घाई कोणालाच दिसली नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाला तारखा घालून द्याव्या लागल्या. आणि निवडणूक लागली तेव्हा 29 महापालिकांमध्ये मिळून साठहून अधिक नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध! एकाही मताशिवाय सभागृहात. तिथल्या मतदाराला नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही.

आता घरी बसायचं ठरवलेल्या मतदारांनो, तुमच्याशीही स्पष्टच बोलायचं आहे. 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला. देवळाच्या नावाने लागलेली बोली दोन कोटींवर गेली. राज्य निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. तुमच्या मताला किंमत नसती, तर ते पडू नये म्हणून दोन कोटी मोजायला कोण उभं राहिलं असतं? 2024 ला मुंबई वायव्यची खासदारकी 48 मतांनी ठरली, मालेगाव मध्यची आमदारकी 162 मतांनी, साकोलीची 208 मतांनी. मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी आली की शहरातल्या एकेका सोसायटीतली याहून जास्त मतं घराला कुलूप लावून गावाला जातात.

बहिष्काराचा राग समजतो. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून मेळघाटातल्या काही गावांनी 2024 च्या लोकसभेला मतदान केलं नाही, त्यांना शहाणपण शिकवायची आमची लायकी नाही. पण किमान इतकं मतदान झालंच पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात नाही. शंभरातल्या दहांनी मत दिलं तरी निकाल लागतो, आणि निवडून आलेला नव्वद जणांवरही राज्य करतो. रिकाम्या मतदान केंद्राला कोणी भीत नाही.

म्हणून ही मुदत. येणाऱ्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवारी अर्ज मागे घेण्याची वेळ दुपारी तीनला संपते. त्याआधी प्रत्येक उमेदवाराने आपल्या प्रभागात, गटात, मतदारसंघात लोकांसमोर लेखी द्यायचं: पक्ष सोडला तर त्याच दिवशी पद सोडीन आणि पुन्हा मत मागायला येईन. कोर्टात तो कागद टिकणार नाही हे आम्हालाही कळतं. चावडीवर टिकेल. पक्षांनीही लिहून द्यायचं, की एकच अर्ज उरला तरी नोटासमोर मतदान घेण्याची तरतूद कायद्यात आणू, आणि स्थानिक संस्थांची निवडणूक एक दिवसही लांबू देणार नाही. समोरच्याला ‘समजावून’ माघार घ्यायला लावणाऱ्याचं नाव आम्ही लक्षात ठेवू, मग तो आमच्या जातीचा असो की आळीतला.

तीन वाजेपर्यंत हे झालं नाही, तर आम्ही घरी बसणार नाही. येऊ, आणि तुमच्या विरोधात बटण दाबू. लायक दुसरा कोणी नसेल तर नोटा दाबू. लातूर ग्रामीणमध्ये 2019 ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, 27 हजारांहून जास्त मतं घेऊन. विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. पण महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचा 2018 चा आदेश आहे: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. तुमचा सगळा खर्च पाण्यात.

मतदारांनो, या धमकीत दम हवा असेल तर एक काम आजच करा. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला उचलून प्रभागांत फोडतात. त्या तारखेनंतर नाव घातलं तर त्या निवडणुकीत उपयोग नाही. यादीत आपलं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव आहे का ते बघा. नसेल तर नावनोंदणीचा नमुना 6 भरा.